झूट सूट : युद्धकाळातील एका पोशाखाचा गुन्हा

पागोट्याला जरीची किनार नको, धोतराला रंगीत वा नक्षीचे काठ नकोत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, झोकदार कपडे घालू नयेत. इंदूरकडील बलाई समाजावर सवर्ण गावकऱ्यांनी घातलेल्या या अटी १९२८ च्या जानेवारीत वर्तमानपत्रात आल्या आणि पुढे बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांची नोंद केली. ज्यांच्या आज्ज्या-पणज्यांनी अशा अटींखाली लुगडी नेसली, त्यांना कपड्याचा इतिहास हा शौकिनांचा विषय वाटण्याचे कारण नाही. फॅशनची पुस्तके मात्र राण्यांची, नट्यांची आणि पॅरिसच्या शिंप्यांची चरित्रे सांगतात. दुसऱ्या महायुद्धाने पोशाख कसा बदलला हे सांगताना ती आखूड झगे, कूपने आणि नायलॉनचे मोजे यांच्यापाशी थांबतात. त्याच युद्धात अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात तपकिरी कातडीच्या पोरांना रस्त्यावर उघडे करून त्यांचे कपडे जाळले गेले, ही हकिकत फार तर तळटिपेत येते. ती तिथून काढून मजकुरात आणणे हा या लेखाचा हेतू आहे.

आधी युद्धाचे आणि कापडाचे नाते पाहू. सैन्याला कापड लागते. गणवेश, कांबळी, तंबू, पॅराशूट, दोर यांसाठी लोकर, कापूस आणि रेशीम लागते. शिवाय गिरणीतले हातही लागतात. ब्रिटनने १ जून १९४१ पासून कपड्यांवर कूपने आणली. पहिल्या वर्षी माणशी ६६. पुढे पँटच्या पायाची खालची दुमडही तिथल्या सरकारने बंद केली आणि त्यावर पुरुषमंडळींनी जेवढी कुरकुर केली तेवढी बॉम्बवर्षावावरही केली नसेल. अमेरिकेत रेशीम जपानहून येई. १९४१ च्या ऑगस्टात ते अडले. नायलॉनचे मोजे १९४० च्या मे महिन्यात देशभर दुकानांत आले होते. दोन वर्षे पुरती झाली नाहीत तोच नायलॉनही सैन्याकडे गेले. मग बायका पायांना रंग लावू लागल्या आणि मोज्याची शिवण दिसावी म्हणून पोटरीवर पेन्सिलीने रेघ ओढू लागल्या. १९४२ च्या जानेवारीत स्थापन झालेल्या युद्ध उत्पादन मंडळाने त्या वर्षी हुकूम काढले. स्त्रियांच्या झग्याचा घेर किती इंच, पुरुषांच्या कोटाची लांबी किती, दुपदरी कोटाबरोबर वेस्टकोट द्यायचा नाही, पँटला दुमड नाही. लोकरीचा वापर सुमारे चौथ्या हिश्श्याने खाली आणायचा होता.

यात एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. हे हुकूम कपडे बनविणाऱ्यांवर होते, घालणाऱ्यांवर नव्हते. कपाटात आधीच असलेला कोट अंगावर चढवणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नव्हता.

टंचाईचीही फॅशन होते, हे या काळाने दाखविले. आखूड, घट्ट, चौकोनी खांद्याचा पोशाख हा देशभक्तीचा पोशाख ठरला. कमी कापड म्हणजे जास्त निष्ठा. कारखान्यात स्त्रियांनी पँट घातली, केस रुमालात बांधले. जी गोष्ट १९३८ साली निर्लज्जपणा ठरली असती ती १९४२ साली पोस्टरवर झळकली. सत्तेला गरज पडली की संस्कृती किती चटकन वळते! पण हे वळणे सर्वांसाठी नव्हते.

झूट सूट नावाचा पोशाख युद्धाच्या आधीचा. १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या नाचघरांतून तो पुढे आला. कोट गुडघ्यापर्यंत उतरणारा, खांद्यांत भरपूर भरणी, लॅपेल रुंद. पँट छातीच्या खालपासून सुरू होणारी, गुडघ्याशी फुगलेली आणि घोट्यापाशी एकदम आवळलेली. डोक्यावर रुंद काठाची हॅट, कमरेपासून लोंबणारी लांबलचक साखळी, जाड तळाचे बूट. कॅब कॅलोवेसारखा गायक तो घालून रंगमंचावर नाचे. १९४३ च्या 'स्टॉर्मी वेदर' या चित्रपटात त्याचा हा वेष पाहायला मिळतो. जॅझबरोबर हा पोशाख शहराशहरांत गेला. लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिकन वस्त्यांतल्या तरुणांनी तो उचलला, त्याला आपली स्पॅनिश-मिश्रित बोली जोडली, केसांना तेल लावून मागे बदकाच्या शेपटीसारखा आकार दिला. त्यांना पाचूको म्हणत. मुलीही मागे नव्हत्या. पाचूका मुली तसाच लांब कोट, आखूड स्कर्ट, डोक्यावर उंच फुगवलेले केस आणि गडद ओठ घेऊन हिंडत. त्या केसांत वस्तरा लपवतात, अशी बातमी वर्तमानपत्रांनी पिकवली.

ही पोरे कोण होती? बहुतेक अमेरिकेतच जन्मलेली, कायद्याने नागरिक. त्यांचे आईबाप फळबागांत आणि रेल्वेमार्गावर राबलेले. शाळेत स्पॅनिश बोलले की शिक्षा, पोहण्याच्या तलावावर ठरावीक वारीच प्रवेश, चित्रपटगृहात बसायची जागा वेगळी. पाणवठा आणि देवळाची पायरी ज्यांनी अनुभवली आहे त्यांना यावर भाष्य नको. युद्धाने त्यांच्या हाती प्रथमच थोडा पैसा दिला. काळ्यांचे कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याची धमकी दिल्यावर रूझवेल्टने १९४१ च्या जूनमध्ये युद्धकारखान्यांतील भरतीत वर्णभेद करण्यास मनाई करणारा आदेश काढला होता. तो पुरता पाळला गेला नाही, तरी दार किलकिले झाले. हातात पगार आला आणि त्यातला काही भाग कोटावर गेला. तो कोट उसवून पाहिला तर त्याच्या अस्तरात एकच वाक्य सापडेल: मी इथे आहे, मला पाहा. ज्याला पाहूनही न पाहिल्यासारखे केले जाते तो जागा जास्त व्यापणारा कपडा घालतो, यात न समजण्यासारखे काय आहे?

आणि नेमकी हीच वेळ कमी कापडाच्या देशभक्तीची होती. नव्या हुकुमांनंतर झूट सूट उघडपणे बनवता येईना. तरी गल्लीबोळांतले शिंपी तो चोरून शिवत राहिले. जुने होते ते तर होतेच. आता या पोशाखावर नुसत्या उनाडपणाचा शिक्का राहिला नाही, त्याला देशद्रोहाचा वास येऊ लागला. त्याआधी १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानुसार पश्चिम किनाऱ्यावरचे सुमारे १,२०,००० जपानी वंशाचे लोक घरादारातून उठवून छावण्यांत कोंडले गेले होते. त्यांतले बहुसंख्य अमेरिकन नागरिकच. शहराला नवा शत्रू हवा होता. वर्तमानपत्रांना तो झूट सुटात सापडला. याच वर्षीच्या ऑगस्टात अमेरिकन सरकारने मेक्सिकोशी करार करून शेतमजूर मागवले. वाकून पिके काढणारा मेक्सिकन त्यांना हवा होता. ताठ उभा राहून कोट मिरवणारा नको होता.

२ ऑगस्ट १९४२ रोजी होझे दियास नावाचा तरुण शहराबाहेरच्या एका जलाशयाजवळ जखमी अवस्थेत सापडला आणि मरण पावला. त्या जलाशयाला पोरे 'स्लीपी लगून' म्हणत. तो कसा मेला हे कधीच नीट सिद्ध झाले नाही. पोलिसांनी मात्र सहाशेच्या वर मेक्सिकन तरुण-तरुणी उचलल्या आणि बावीस जणांवर एकत्र खटला भरला. इथे कपडा प्रथम पुरावा म्हणून न्यायालयात आला. आरोपींना दीर्घकाळ कपडे बदलू दिले नाहीत, केस कापू दिले नाहीत; ज्युरीने त्यांना त्या अवतारातच पाहिले पाहिजे, अशी सरकारपक्षाची भूमिका होती. चुरगळलेला, मळलेला, अनेक आठवडे अंगावरचा कपडा पाहून ज्युरीने जे समजायचे ते समजावे!

त्याच सुमारास शेरीफच्या कचेरीतील एड ड्युरान आयर्स या अधिकाऱ्याने ग्रँड ज्युरीपुढे एक अहवाल ठेवला. मेक्सिकन माणूस हा अ‍ॅझटेकांचा वंशज, नरबळी देणाऱ्यांच्या रक्ताचा, म्हणून हिंसा त्याच्या जन्मातच आहे, असा त्याचा आशय. जन्मावरून स्वभाव आणि स्वभावावरून शिक्षा, हे शास्त्र आपल्याला नवे नाही. त्याचे एक नाव मनुस्मृती आहे. फरक एवढाच की आयर्सने त्याला जीवशास्त्राचा मुलामा दिला, आणि तोही हिटलरच्या वंशशास्त्राविरुद्ध युद्ध चालू असताना. १९४३ च्या जानेवारीत सतरा जण दोषी ठरले. काही पाचूका मुलींना, त्यांच्यावर रीतसर गुन्हा शाबीत झालेला नसताना, मुलींच्या सुधारगृहात धाडले गेले. मुलांच्या बाजूने समिती उभी राहिली. कॅरी मॅक्‌विल्यम्ससारखे लेखक-वकील तीत होते. १९४४ च्या ऑक्टोबरात वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केल्या. मुलींसाठी कोणी तेवढे धावले नाही. चळवळींच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडते, हे आपणही जाणतो.

खटल्याने पेटवलेली आग १९४३ च्या जूनमध्ये रस्त्यावर आली. चावेझ रवीन भागात नौदलाचे प्रशिक्षण केंद्र होते. त्याच्या भोवती मेक्सिकन वस्त्या. खलाशी आणि पोरे यांच्यात खटके उडत. ३१ मे रोजी एका चकमकीत एक खलाशी जबर जखमी झाला. ३ जूनच्या रात्री सुमारे पन्नास खलाशी काठ्या घेऊन निघाले. एका चित्रपटगृहात शिरून त्यांनी दिवे लावायला भाग पाडले आणि झूट सूट घातलेली पोरे खुर्च्यांतून ओढून काढली. त्यांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती. दुसऱ्या रात्री सुमारे दोनशे खलाशी वीसएक टॅक्सी भाड्याने करून पूर्वेकडच्या वस्त्यांवर गेले. ७ जूनला हजारो लोक, सैनिक आणि साधे नागरिक, शहराच्या मध्यभागी जमले. ट्राम थांबवून, सिनेमाच्या रांगेतून, हॉटेलातून तरुणांना बाहेर काढायचे, मारायचे, कोट-पँट उतरवायची, फाडायची किंवा पेटवायची, केस कापायचे. अंगावर झूट सूट नसलेले मेक्सिकन, काळे आणि फिलिपिनोही त्यात सापडले. पोलीस मागून येत आणि रस्त्यावर उघड्या पडलेल्या पोरांना अटक करीत. एका वर्तमानपत्राने झूट सूट कसा उतरवावा याची कृतीच छापली.

लष्कराने शहर सैनिकांना बंद केले तेव्हा हे थांबले. नगरपालिकेने काय केले? मारणाऱ्यांना शिक्षा? नाही. झूट सूट घालणे हाच गुन्हा ठरवावा, असा ठराव ९ जूनला केला. तो पुढे कायदा झाला नाही ही गोष्ट वेगळी. पण सभागृहाचे मन त्यातून कळते. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी हा प्रश्न पोशाखाचा नसून वंशद्वेषाचा आहे असे लिहिले, तेव्हा शहरातील मोठ्या वृत्तपत्राने त्यांना कम्युनिस्टांची बोली बोलत असल्याबद्दल झोडपले. गव्हर्नरने नेमलेल्या समितीचा निष्कर्षही वंशद्वेषाकडेच बोट दाखवणारा होता.

आणि या साऱ्याला नाव पडले 'झूट सूट दंगल'. मारणाऱ्यांच्या अंगावर खलाशाचा गणवेश होता. मग 'गणवेशाची दंगल' असे नाव का पडले नाही? मार खाणाऱ्याच्या नावाने दंगल ओळखली जाते आणि एकतर्फी हल्ल्याला दंगल म्हटले जाते. १९७८ च्या मराठवाड्यानंतर हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

तरीही प्रतिपक्षाचा मुद्दा प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. युद्ध चालू आहे, मुले आघाडीवर मरताहेत, आणि हे टोणगे कापडाची उधळपट्टी करतात. राग येणारच, असे म्हणणारे त्यांतले सगळेच दुष्ट नव्हते. पण राग खरोखर कापडाचा होता काय? तसे असते तर गणवेश घातलेल्या काळ्याला आणि मेक्सिकनला मान मिळायला हवा होता. त्याने तर देशाने दिलेलेच कापड, देशाने सांगितले तेवढेच अंगावर घेतले होते. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी आयझॅक वुडर्ड हा काळा सार्जंट सैन्यातून सन्मानाने मोकळा होऊन, गणवेशातच, बसने घरी निघाला. वाटेत शौचालयासाठी थांबण्यावरून चालकाशी बोलाचाली झाली. दक्षिण कॅरोलायनातील बेट्सबर्ग गावी पोलीसप्रमुखाने त्याला असे मारले की त्याचे दोन्ही डोळे गेले. गोऱ्या ज्युरीने त्या पोलीसप्रमुखाला निर्दोष सोडले. फेलिक्स लोंगोरिया हा टेक्ससचा मेक्सिकन-अमेरिकन सैनिक १९४५ साली फिलिपाइन्समध्ये लढताना मेला. त्याचे शव १९४९ साली गावी आणायचे ठरले तेव्हा गावच्या अंत्यविधीगृहाच्या मालकाने तिथे जागा द्यायला नकार दिला. गोऱ्यांना आवडणार नाही म्हणून. शेवटी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्याला जागा मिळाली. जास्त कापडाचा कोट घातला तर देशद्रोही, नेमक्या कापडाचा गणवेश घातला तर उद्धट, आणि कफनात गुंडाळला तरी अस्पृश्य. कपडा बदलत गेला, उत्तर तेच राहिले.

दुसऱ्या बाजूनेही कापडाचा मुद्दा टिकत नाही. १९४७ च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या ख्रिश्चन डिओरने झग्याला एवढा घेर दिला की एकेका झग्याला कित्येक वार कापड लागे. ब्रिटनमध्ये त्या वेळी कूपने चालू होती. ती १९४९ पर्यंत गेली नाहीत. मंत्र्यांनी नाके मुरडली. पण राजकन्या मार्गारेटने ती फॅशन स्वीकारली आणि प्रश्न मिटला. (पॅरिसमध्ये मात्र बाजारातल्या कष्टकरी बायांनी असा झगा घातलेल्या एका स्त्रीवर धाव घेतली, त्याची छायाचित्रे आहेत. भुकेला कापड नीट मोजता येते.)

बंडाचा कपडा घालणारे काही अमेरिकेतच नव्हते. जर्मनांच्या टाचेखालच्या पॅरिसात झाझू नावाची तरुण मंडळी लांब कोट घालून जॅझ ऐकत आणि हिटलरधार्जिण्या टोळ्या त्यांना गाठून केस कापीत. १९४२ च्या जूनमध्ये ज्यूंवर पिवळा तारा शिवण्याची सक्ती झाली, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी आपल्या छातीवर स्वतःच पिवळा तारा लावला व त्यात 'झाझू' किंवा 'स्विंग' असे लिहिले. ती थट्टा होती, आणि काही जणांना ती तुरुंगापर्यंत घेऊन गेली.

या पोशाखात क्रांती होती असे मात्र मी म्हणणार नाही. राल्फ एलिसनने १९४३ साली 'निग्रो क्वार्टर्ली' या त्रैमासिकात आपल्या नेत्यांना बजावले होते की झूट सुटात कदाचित खोल राजकीय अर्थ दडलेला असेल, तो उलगडल्याशिवाय जनतेचे नेतृत्व करता येणार नाही. त्याचे म्हणणे बरोबर होते. परंतु दडलेला अर्थ आपोआप चळवळ होत नाही. बॉस्टनमध्ये उधारीवर झूट सूट घेणारा एक पोरगा १९४३ साली सैन्यभरतीच्या कचेरीत तो सूट घालून गेला, वेड्याचे सोंग केले आणि भरतीतून सुटला. पुढे तो माल्कम एक्स झाला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने केस रसायनाने सरळ करून घेण्याच्या आपल्या तेव्हाच्या सवयीला स्वतःची विटंबना म्हटले. गोऱ्यासारखे दिसण्यासाठी आपणच आपले डोके भाजून घेतले, असे तो सांगतो. शेतमजुरांचा नेता सेझार चावेझ हाही तरुणपणी पाचूको वेषात हिंडलेला. दोघेही पोशाखापाशी थांबले नाहीत, म्हणूनच आपल्याला ठाऊक आहेत. ऑक्टाव्हिओ पाझसारख्या मेक्सिकोच्या थोर कवीला पाचूकोत फक्त मुळे तुटलेला, ना इकडचा ना तिकडचा तरुण दिसला. ही उंचावरून पाहणाऱ्याची नजर आहे. मधल्या जागेत ज्याला ढकलले त्यालाच तू मध्ये का उभा, असे विचारणे सोपे असते.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे घोट्यापर्यंत नेसायला सांगितले, अस्पृश्यतेची खूण पटवणारे चांदी-कथलाचे जड दागिने टाकायला सांगितले. आणि बायांनी ते लगेच केले. पाचूकोची रीत याच्या उलट होती. महाडने लादलेली खूण पुसली; पाचूकोने फरक आणखी मोठा करून दाखवला. आपल्या जागेचा कपडा न घालणे एवढेच दोहोंत समान. महाडच्या नेसण्यामागे परिषद होती, सत्याग्रह होता, तळ्याच्या पाण्याचा हक्क होता. लॉस एंजेलिसच्या कोटामागे फक्त तारुण्य होते. युद्धाच्या बाबतही असेच. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती सैन्याची बंद झालेली दारे पुन्हा उघडण्याच्या दीर्घ मागणीतून. ज्या खाकीने आमच्या माणसाला ताठ उभे राहायला जागा दिली, तसाच सरकारी गणवेश लॉस एंजेलिसमध्ये दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा ओरबाडत होता. गणवेशाला स्वतःचा धर्म नसतो. तो कोणाच्या हुकुमाने आणि कोणाविरुद्ध चालतो हे पाहावे लागते.

१९७८ साली लुईस वाल्देसने 'झूट सूट' हे नाटक लॉस एंजेलिसमध्येच रंगमंचावर आणले. पुढच्या वर्षी ते ब्रॉडवेला गेले आणि १९८१ साली त्याचा चित्रपट झाला. त्यात खलाशी पाचूकोचा सूट उतरवतात आणि तो लंगोटीनिशी उभा राहतो. आयर्सने ज्या अ‍ॅझटेक रक्ताची भीती घातली होती तोच अ‍ॅझटेक, पण मान ताठ. प्रेक्षागृहात अशी माणसे बसली होती की ज्यांचे स्वतःचे किंवा ज्यांच्या भावांचे कोट त्या जूनमध्ये गेले होते. २०१६ साली त्याच शहराच्या कलासंग्रहालयाने पुरुषांच्या पोशाखाच्या तीनशे वर्षांचे प्रदर्शन भरवले आणि दरबारी अंगरख्यांच्या जोडीने त्या काळातला एक अस्सल झूट सूट मांडला. असे सूट आज फार थोडे उरले आहेत. पुष्कळसे वापरून फाटले, काही आयांनी भीतीपोटी उसवून टाकले असतील, आणि काही त्या पाच-सहा रात्री रस्त्यावर जळाले.